मंगोल १२४२ मध्ये हंगेरीतून अचानक मागे का फिरले? ("खान मेला म्हणून" हे उत्तर पचत नाहीये)

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक किडा डोक्यात वळवळतोय, शेवटी म्हटलं इथंच विचारावं. मंगोल म्हटलं की आपल्याला चंगेजखान, आला, कापाकापी केली, गेला, एवढंच माहीत असतं. त्याच्या नातवानं युरोपात काय केलं ते वाचायला घेतलं आणि एका जागी अडकलो ते अडकलोच.

म्हणजे बघा, १२३६ ला हा नातू बातू आणि साठी ओलांडलेला मंगोल सेनापती सुबुताई पश्चिमेकडं निघाले. व्होल्गाकाठचे बल्गार संपवले, १२३७ च्या डिसेंबरात रियाझान, दोन महिन्यांत व्लादिमिर, १२४० च्या ६ डिसेंबरला कीव्ह. मग १२४१ च्या एप्रिलात एक तुकडी पोलंडात, तिनं ९ तारखेला लेग्नित्साला सायलेशियाचा ड्यूक हेन्री मारला, आणि दोनच दिवसांनी, ११ तारखेला, बातू-सुबुताईनं हंगेरीत मोहीजवळ शायो नदीकाठी राजा बेला चौथा याची अख्खी फौज कापून काढली. फोन नाही, वायरलेस नाही, मधे कार्पेथियन डोंगर, आणि हे टायमिंग! बेला कसाबसा जीव घेऊन ऑस्ट्रियाच्या ड्यूककडं गेला तर त्यानं मदत राहिली बाजूला, उलट ह्याच्याकडूनच पैसे उकळले आणि वर तीन परगणे पदरात पाडून घेतले. (शेजारी असावा तर असा.)

त्यानंतर जवळजवळ वर्षभर डॅन्यूबच्या पूर्वेचा सगळा मुलूख मंगोलांकडं. १२४२ च्या हिवाळ्यात डॅन्यूब गोठली, तीही ओलांडली. समोर लढायला कुणी शिल्लक नाही, व्हिएन्ना हाकेच्या अंतरावर, आणि मार्चच्या शेवटी सगळे बाडबिस्तरा गुंडाळून परत!

जिथं बघावं तिथं एकच उत्तर. ओगदाई खान (चंगेजचा मुलगा, बातूचा काका, तेव्हाचा सगळ्या मंगोलांचा मुख्य) ११ डिसेंबर १२४१ ला मेला, नवा खान निवडायला कुरुलताई भरणार, म्हणून सगळे माघारी. मला हे फार गुळगुळीत वाटतं. कारण बातू त्या निवडणुकीला गेलाच नाही! व्होल्गाकाठी जाऊन बसला तो बसलाच. आणि नवा खान, ओगदाईचा मुलगा गुयुक, गादीवर आला १२४६ ला, म्हणजे चार-साडेचार वर्षांनी. मग घाई कसली होती? कुणाचं वाचन असेल तर सांगा. लिंक फेकून पळू नका, चार ओळी लिहा.

चहाबाज:
अहो सिम्पल आहे, उगाच रहस्यकथा करू नका. खान मेला की घराण्यातल्या राजपुत्रांनी परतायचं हा रिवाजच होता त्यांचा. १२५९ ला मोंगके खान मेला तेव्हा त्याचा भाऊ हुलागू सिरियातून बहुतेक सगळी फौज घेऊन मागे फिरला की नाही? मागे सेनापती कितबुगाला थोडे लोक देऊन ठेवलं आणि १२६० च्या सप्टेंबरात ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी त्याचा निकाल लावला. सेम पॅटर्न. विषय संपला.

निळी_शाई:
चहाबाज, विषय संपवायची एवढी घाई नको, इथूनच तर मजा सुरू होते.

आधी तारखा. मंगोलांची राजधानी काराकोरम ते हंगेरी सरळ रेषेत धरलं तरी ६००० किलोमीटरच्या आसपास, वाटेनं बरंच जास्त. ११ डिसेंबर ते मार्चअखेर म्हणजे साधारण साडेतीन महिने. मंगोलांची घोडे बदलत जायची टपाल व्यवस्था होती, याम म्हणायचे तिला, तिच्या जोरावर निरोप पोचणं शक्य आहे. तुलनेला कार्पिनी घ्या. हा पोपचा दूत, साठीचा, अंगानं जाडजूड पाद्री, १२४६ च्या ८ एप्रिलला व्होल्गाकाठच्या बातूच्या छावणीतून निघाला आणि २२ जुलैला मंगोलियात गुयुकच्या तळावर पोचला. दिवसातून पाच-सात वेळा घोडे बदलत, पण तरी म्हातारा माणूसच तो. पट्टीचा जासूद त्याच्यापेक्षा खूप वेगानं जाईल. म्हणजे गणित बसतं, पण ओढूनताणून.

आता गंमत. "खान मेला म्हणून परतले" हे सांगणारा मुख्य माणूस हाच कार्पिनी, आणि तो हे ऐकतो घटनेनंतर चार वर्षांनी. उलट रशीदुद्दीन, जो इराणच्या मंगोल दरबारात वजीर होता, म्हणजे घरचाच माणूस, तो लिहितो की परत फिरताना ह्यांना खानाच्या मरणाची बातमी अजून पोचलीच नव्हती! तोही साठ-सत्तर वर्षांनी लिहितोय हे मान्य. पण घरच्या माणसाला असं मुद्दाम खोटं लिहायचं काय कारण?

तिसरा साक्षीदार चिनी. युआन घराण्याच्या इतिहासात सुबुताईचं चरित्र आहे. त्यात असं येतं की मोहीच्या लढाईतच बातूची माणसं इतकी कामी आली की त्याला तेव्हाच परत जायचं होतं. सुबुताई म्हणाला तुम्हाला जायचं तर खुशाल जा, मी डॅन्यूब बघितल्याशिवाय फिरणार नाही. आणि त्याच चरित्रात पुढं १२४३ ची नोंद आहे, राजपुत्रांची बैठक भरणार होती, बातूला जायचं नव्हतं, परत सुबुताईच त्याला समजावतोय की बाबा घराण्यात तुम्ही वडील, तुम्ही गेला नाहीत तर कसं चालेल. म्हणजे ज्या कामासाठी तो धावत निघाला म्हणतात त्याच कामाला एक वर्षानंतरही तो नाही म्हणतोय.

आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे कादान. हा खुद्द ओगदाईचा मुलगा. बेलाच्या मागावर तो अॅड्रियाटिक समुद्राच्या काठापर्यंत गेला, क्लिसचा किल्ला घ्यायला गेला, जमलं नाही, त्रोगिरच्या बेटापुढं जाऊन उभा राहिला, तेही जमलं नाही. बेला तिथंच कुठंतरी होड्यांच्या जवळ बसलेला. मग मार्चअखेर कादान तिथून निघाला. बापाच्या मरणाची बातमी आली असेल तर माणूस कुठं जाईल? पूर्वेला. हा गेला दक्षिणेला! कोतोर जाळलं, अल्बानियाच्या बाजूला द्रिश्त उद्ध्वस्त केलं, आणि मग वळसा घालून बल्गेरियात बातूला भेटला. सुतकातला माणूस असा गावं लुटत लुटत घरी जात नाही हो.

रात्रपाळी:
कादानचं माहीतच नव्हतं, भारी! म्हणजे माझी शंका अगदीच येडपट नव्हती तर.

वैरणवाला:
इतिहासातलं मला फार कळत नाही, पण आमच्या आजोबांचे टांग्याचे घोडे होते, त्यामुळं एक गोष्ट सांगतो जी पुस्तकी लोक विसरतात. घोडा खातो. रोज खातो. लढाई असो नसो.

मंगोल घोडं लहान, काटक, तरी दिवसाला ८-९ किलो सुका चारा धरा. एका स्वाराकडं किमान तीन घोडी, काही जण पाचही सांगतात. समजा ३० हजार स्वार (आकडा मी हिशोबापुरता धरलाय, खरा किती त्यावर भांडण आहे), तर ९० हजार घोडी, म्हणजे रोजची ८०० टन वैरण. मंगोल लोक दाणा-पेंड देत नव्हते, सगळं चरण्यावर. मंगोलियात कुरणाला अंत नाही, हंगेरीचं मैदान त्याच्यापुढं परसदार. त्यात दलदल, रानं, नांगरलेली जमीन. एक उन्हाळा निघेल, दुसऱ्याला काय? शिवाय बरोबर खायला आणलेली गुरं-मेंढरं वेगळी.

आमचे आजोबा म्हणायचे घोड्याचा मालक आधी ढग बघतो मग गिऱ्हाईक. बातू पण तेच बघत असणार.

पावसाळी_बेडूक:
वैरणवाला +१. ह्याच लाइनीवर २०१६ मध्ये एक पेपर आला होता, उल्फ ब्युंटगेन आणि निकोला दी कोस्मो ह्यांचा. झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून त्यांनी हवामान काढलं. १२३८ ते १२४१ उबदार आणि कोरडं, म्हणजे घोडदळाला मजाच मजा, आणि १२४२ चं साल एकदम गार आणि ओलं. हंगेरीचं मैदान तेव्हा पाणथळ, बर्फ वितळला की चिखलच चिखल, गवत उशिरा, घोडे पोटापर्यंत रुतणार. परत जाताना मंगोल आले त्या वाटेनं न जाता दक्षिणेकडच्या उंच भागातून गेले, हेही त्यात बसतं असं त्यांचं म्हणणं.

पण लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला, की एवढ्या पुराव्यावर एवढी मोठी उडी नको. मला दोन्ही वाचून असं वाटलं की चिखल खरा होता, पण फक्त चिखलानं सुबुताई परत गेला असेल हे पटत नाही. हा माणूस रशियात मुद्दाम हिवाळ्यात शिरला होता, कारण नद्या गोठल्या की रस्ते होतात!

गडवेडा:
मुद्दा चारा नाही, चिखल नाही. मुद्दा दगड.

१२४१ मध्ये हंगेरीत बहुतेक गढ्या माती आणि लाकडाच्या. त्या पटापट पडल्या. डॅन्यूबच्या पलीकडं मात्र दगडी तटबंदी लागली आणि तिथं गाडी अडली. एस्तरगोमचं बघा. रोगेरियुस नावाचा पाद्री, जो स्वतः मंगोलांच्या तावडीत सापडला होता आणि परतीच्या वाटेवर रानात पळून सुटला, तो लिहितो की ३० दगडफेकी यंत्रं लावून त्यांनी शहराची राखरांगोळी केली. पण वरचा बालेकिल्ला? सिमिओन नावाचा एक स्पॅनिश सरदार आपले क्रॉसबोवाले घेऊन वर बसला होता, त्याच्याकडून नाही घेता आला. पान्नोनहाल्माचा मठ नाही घेता आला. सेकेशफेहेरवार नाही, तिथं भोवतालच्या दलदलीतला बर्फ वितळला (बेडूकरावांना अर्धा मार्क). खाली कादानला क्लिस नाही. लिस्ट करत बसलो तर मोठी होईल.

पुरावा हवा तर बेलाकडंच बघा. मंगोल गेल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? सरदारांना जमिनी दिल्या आणि अट घातली, दगडी किल्ला बांधा. बुडाच्या टेकडीवरचं तटबंदीचं शहर त्यातूनच उभं राहिलं. ज्यानं मार खाल्ला त्याला बरोबर कळलं होतं की कशानं वाचलो.

चहाबाज:
गडवेडा, किल्ल्याचं कौतुक आम्हालाही आहे, पण हेच मंगोल चीनमधली तटबंदीची शहरं घेत होते ना? १२५८ ला बगदाद घेतलंच. चीनमधल्या शियांगयांगला तर पाच वर्षं धरणं धरून बसले, १२७३ ला घेतलंच शेवटी. इंजिनियर चिनी, यंत्रं मुसलमान कारागिरांची. मग एक मठ काय जड होता?

गडवेडा:
तुमच्याच वाक्यात उत्तर आहे की, पाच वर्षं! एक मोठं शहर पाच वर्षं धरलं तर चीनचं दार उघडतं, म्हणून धरलं. इथं डोंगरावर एकेक छोटा किल्ला, आत दोनशे माणसं आणि एक विहीर, घेतला तरी मिळणार काय, आणि पुढच्या डोंगरावर परत दुसरा. तोवर खाली तळावर वैरणवाल्यांचे ९० हजार घोडे काय खाणार? म्हणजे दगड आणि गवत हे दोन वेगळे मुद्दे नाहीतच, मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. किल्ल्याला वेळ लागतो आणि गवत वेळ देत नाही.

निळी_शाई:
हे बरोबर पकडलंत. आणि चहाबाजांच्या हुलागूलाही तेच लागू होतं. हुलागूनं १२६२ ला फ्रान्सच्या राजाला, नवव्या लुईला, पत्र पाठवलं होतं, त्यात सिरियातून मागे का आलो ते स्वतः सांगितलंय. भावाच्या मरणाचं कारण तिथं पुढं केलेलं नाही. तिथला दाणागोटा आणि गवत संपलं, आणि उन्हाळ्यात थंड डोंगरात जायची आमची रीत, असं आहे ते. आता राजा राजाला लिहितो तेव्हा इभ्रत सांभाळूनच लिहिणार, पण "सेम पॅटर्न" म्हणाल तर पॅटर्न गवताचा निघतोय.

गुळपोळी:
वाचतेय, मस्त चाललंय. एक वेगळा प्रश्न, मुळात त्यांना युरोप जिंकायचा होता हे कुणी ठरवलं? मी वाचलेलं की भांडण कुमान लोकांवरून होतं. कुमान म्हणजे काळ्या समुद्राच्या वरचे भटके घोडेस्वार, मंगोलांनी हाकलले म्हणून त्यांचा सरदार कोत्यान हजारो कुटुंबं घेऊन बेलाच्या आश्रयाला आला. त्याच्या आधीच ज्युलियन नावाच्या एका हंगेरियन साधूच्या हाती बेलाला मंगोलांचं धमकीचं पत्र आलं होतं. मतलब असा की आमची पळालेली चाकर माणसं तुझ्याकडं आहेत, त्यांना ठेवू नकोस. ते तंबूत राहतात, कदाचित पळूनही जातील, तू घरात राहतोस, तुझे किल्ले आणि शहरं आहेत, तू कुठं पळशील?

काय धमकी आहे! आणि बेलाच्या लोकांनी केलं काय, तर ऐन वेळी पेश्तमध्ये जमावानं हेरगिरीच्या संशयावरून कोत्यानलाच ठार मारलं. मग चिडलेले कुमान लूटमार करत दक्षिणेला निघून गेले, म्हणजे मंगोलांसारखं लढू शकणारे एकमेव लोक मोहीच्या आधीच हातचे गेले. तर मला वाटतं कुमान उधळले, बेलाला धडा शिकवला, काम झालं, चला घरी. ज्याला आपण "अर्धवट सोडलं" म्हणतो ते त्यांच्या लेखी पूर्ण झालेलं काम असेल.

रात्रपाळी:
गुळपोळी, हा अँगल सुचलाच नव्हता. पण मग वर्षभर थांबले कशाला? आणि डॅन्यूब का ओलांडली?

गुळपोळी:
राजा जिवंत होता ना. मंगोल पळालेल्या राजाला सोडत नसत. मध्य आशियातल्या ख्वारझमच्या शहाचा पाठलाग कॅस्पियन समुद्रातल्या बेटापर्यंत केला, त्याच्या मुलाच्या, जलालुद्दीनच्या, मागं चंगेजखान स्वतः १२२१ ला सिंधू नदीपर्यंत आला. बेला बेटावर जाऊन बसला, ह्यांच्याकडं आरमार नाही, संपलं. डॅन्यूबचा किस्सा मात्र भन्नाट आहे, कुणीतरी नीट सांगा, मला टाइप करायचा कंटाळा आलाय.

निळी_शाई:
सांगतो. रोगेरियुसच सांगतो तो. हंगेरियन लोक रोज काठावर येऊन बर्फ फोडायचे, मंगोल ओलांडू नयेत म्हणून. मग थंडी एवढी पडली की फोडून होईना. मंगोलांना प्रश्न, बर्फ घोड्याचं वजन पेलेल का? त्यांनी काय केलं, आपल्या काठावर बरीच घोडी-गुरं मोकळी सोडली आणि तीन दिवस राखणीला एक माणूस ठेवला नाही. पलीकडच्यांना वाटलं गेले वाटतं हे, मग ते उतरले आणि सगळी जनावरं बर्फावरून हाकत स्वतःच्या काठावर घेऊन गेले. झाली की टेस्टिंग, तीही फुकट.

त्याच रोगेरियुसनं अजून एक लिहिलंय. मोहीला मेलेल्या चॅन्सेलरकडं राजाचा शिक्का सापडला, तो वापरून मंगोलांनी राजाच्या नावानं खोटी पत्रं काढली, की घाबरू नका, घरं सोडू नका, आम्ही मुलूख परत घेतोय. लोक राहिले घरात. फेक न्यूज काही व्हॉट्सअॅपनं आणली नाही.

कंदील:
उशिरा येतोय. हंगेरीचं कोडं एकटं नाही, दिल्लीचंही असंच आहे. १३०३ ला अल्लाउद्दीन खिलजी चितोडहून नुकताच परत आला होता, फौज थकलेली, बाकी सैन्य दूर, आणि तरगी मंगोल दिल्लीवर येऊन ठेपला. सुलतान दिल्लीजवळच्या सिरीला खंदक खोदून आत बसला. दोनेक महिने वेढा, बाहेरून मदत पोचत नाही, आणि अचानक मंगोल निघून गेले. त्या काळचा इतिहासकार बरनी, त्याला कारण सापडत नाही, तो निजामुद्दीन औलियांच्या दुआवर सोडून देतो. पण दोन महिन्यांत खंदक ओलांडता आला नाही आणि पुढं उत्तर हिंदुस्थानचा उन्हाळा, हे बघितलं की वरचीच चर्चा आठवते. आणि नंतर अल्लाउद्दीनही बेलासारखाच तट आणि किल्ले बांधायला लागला.

चहाबाज:
बरं बुवा, एवढे जण एकीकडं आणि मी एकटा. पण एक सांगा, खानाच्या मरणाचा काहीच संबंध नाही म्हणता? रशियाच्या मोहिमेतच मेजवानीत बातूनं घराण्यातला वडील म्हणून पहिला पेला घेतला म्हणून गुयुक आणि बुरी ह्या घराण्यातल्याच राजपुत्रांनी त्याचा अपमान केला, त्याला दाढीवाली बाई म्हणेपर्यंत मजल गेली. बातूनं ओगदाईकडं तक्रार केली, ओगदाई पोराला जाम झापतो. आता तो झापणारा काकाच मेला, गादीवर बसणार तर गुयुक. बातूच्या जागी तुम्ही असता तर व्हिएन्नाला गेला असता? मी तर फौज घेऊन व्होल्गाकाठी पाय रोवून बसलो असतो. आणि तो बसलाच. १२४८ ला गुयुक फौज घेऊन पश्चिमेकडं निघाला, वाटेतच मेला, नाहीतर भाऊभाऊच भिडले असते. १२५१ ला मोंगके खान झाला तो बातूच्याच पाठिंब्यावर.

तर माझं सुधारित म्हणणं असं. खान मेला म्हणून ते मागे फिरले असं नाही म्हणत मी. खान मेला म्हणून ते पुढच्या वर्षी परत आले नाहीत. चालेल?

गडवेडा:
आता कसं! चालेल.

निळी_शाई:
मलाही चालेल. बातूलाही चाललं असतं, "एस्तरगोम घेता आलं नाही" ह्यापेक्षा "काका वारले" हे सांगायला बरं पडतं. फक्त एक पुस्ती, परत आले ते १२८५ च्या हिवाळ्यात, नोगाई आणि तालाबुगा. तेव्हा बेलाचे दगडी किल्ले उभे होते, गावाकडचे लोक धान्य घेऊन आत जाऊन बसले, आणि तालाबुगाची फौज कार्पेथियनमधून परत जाताना बर्फात उपाशी मेली.

वैरणवाला:
घोडी पण गेली असणार मग.